सांध्यांची मोजदाद : सेवाधिष्ठित सॉफ्टवेअरची गुंतागुंत आणि पानशेतचा धडा

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठले होते. आंबी नदीतून निघालेला लोंढा मुठेवरील खडकवासला धरणावर येऊन आदळला आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

या घटनेकडे एका वेगळ्या दृष्टीनेही पाहता येते. आदल्या दिवसापर्यंत खडकवासला धरण आपले काम नेहमीप्रमाणे करीत होते. ते फुटले, कारण त्याच्या वरच्या अंगाला असलेले दुसरे धरण फुटले. एका घटकाचे संकट दुसऱ्या घटकावर कोसळले आणि दोहोंचे मिळून तिसऱ्यावर, म्हणजे शहरावर. प्रत्येक धरणाची उंची, भिंतीची जाडी व साठवणक्षमता स्वतंत्रपणे तपासून हा धोका कळला नसता. तो दोन धरणांमधील नात्यात दडलेला होता.

आज संगणकशास्त्रापुढे नेमका हाच प्रश्न उभा आहे. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, सात-बाराचा उतारा, धरणातील विसर्गाची सूचना ही कामे आता एकाच मोठ्या आज्ञावलीत होत नाहीत. अनेक लहान ‘सेवा’ एकमेकींना हाका मारून ती पार पाडतात. अशा प्रणालींना सेवाधिष्ठित प्रणाली म्हणतात. त्यांची गुंतागुंत मोजायची कशी आणि ती मोजून साधते काय, याचा हा परिचय.

सेवा म्हणजे काय?

पूर्वीची संगणकप्रणाली एखाद्या वाड्यासारखी असे. सारे एकाच छपराखाली, एकाच मालकाच्या ताब्यात. सेवाधिष्ठित प्रणाली ही गावासारखी असते. सुतार, लोहार, कुंभार आपापल्या घरी काम करतात आणि ज्याला जे हवे, तो ते मागून नेतो. संगणकाच्या भाषेत, प्रत्येक सेवा एक ठरावीक काम करते, ते कसे मागावे याचा नमुना जाहीर करते आणि आतले कामकाज झाकून ठेवते. मागणाऱ्याला नमुना ठाऊक असला की पुरे.

ही संज्ञा १९९६ च्या सुमारास रूढ होऊ लागली. २००० नंतरच्या दशकात ‘सोप’ व ‘डब्ल्यूएसडीएल’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संकेतांमुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांना परस्परांशी बोलण्याची एक सामाईक रीत मिळाली. पुढे २०१४ च्या आसपास ‘मायक्रोसर्व्हिसेस’ हे नाव लोकप्रिय झाले. त्यात सेवा अधिक लहान झाल्या आणि त्यांची संख्या वाढली.

या रचनेचे फायदे उघड आहेत. एक सेवा बदलली तरी बाकीच्या तशाच राहू शकतात. एकच सेवा अनेकांना वापरता येते. निरनिराळे गट निरनिराळ्या सेवांवर एकाच वेळी काम करू शकतात. मात्र त्याची किंमतही आहे. वाड्यातील गुंतागुंत भिंतींच्या आत असते. गावातील गुंतागुंत वाटांवर येते. घरे लहान आणि सोपी होतात, पण वाटा वाढतात.

किती वाढतात? पाच सेवा असतील तर त्यांच्या १० जोड्या होऊ शकतात, १० सेवांच्या ४५ आणि २० सेवांच्या १९०. सेवांची संख्या चौपट झाली की संभाव्य जोड्या एकोणीसपट होतात. प्रत्येक जोडी प्रत्यक्षात वापरात नसते, हे खरे. पण वापरात कोणत्या आहेत, हे कोणी लिहून ठेवले नसेल तर प्रणालीचा कारभार पाहणाऱ्याला त्या सर्वच संशयित मानाव्या लागतात.

ओळींपासून सांध्यांपर्यंत

सॉफ्टवेअर मोजण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे आज्ञावलीच्या ओळी मोजणे. तो सोपा आहे, पण फसवा. हजार ओळींची सरळ यादी समजायला सोपी असते आणि पन्नास ओळींची ‘जर-तर’ने भरलेली आज्ञावली डोके फिरवते.

हे ओळखून अमेरिकेतील थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये एक माप सुचविले. आज्ञावलीतून जाण्याच्या स्वतंत्र वाटा किती, हे त्यावरून कळते. साध्या रीतीने सांगायचे तर आज्ञावलीत निर्णयाची ठिकाणे जितकी, त्यात एक मिळविला की ते माप मिळते. पाणी पातळी ओलांडली का, पाऊस चालू आहे का, खालच्या धरणात जागा आहे का, असे तीन निर्णय असतील तर माप चार. हा आकडा १० च्या आत ठेवावा, अशी मॅकेब यांची शिफारस होती. पुढच्याच वर्षी मॉरिस हॉलस्टेड यांनी आज्ञावलीतील चिन्हे व संज्ञा यांच्या मोजणीवर आधारलेली पद्धत मांडली.

या दोन्ही मापांची नजर आज्ञावलीच्या आत असते. दोन भागांमधील नात्याकडे लक्ष वेधले गेले ते १९७४ मध्ये. त्या वर्षी स्टीव्हन्स, मायर्स व कॉन्स्टंटाइन यांनी दोन कल्पना रूढ केल्या. एक भाग दुसऱ्यावर किती विसंबून आहे, याला त्यांनी ‘कपलिंग’ म्हटले. एका भागातील कामे एकमेकांशी किती सुसंगत आहेत, याला ‘कोहिजन’ म्हटले. चांगल्या रचनेत पहिले कमी आणि दुसरे जास्त असावे, हा नियम आजही अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी शिकविला जातो.

१९८१ मध्ये सॅली हेन्री व डेनिस काफुरा यांनी या नात्याला गणिताचे रूप दिले. भागात येणाऱ्या माहितीचे प्रवाह आणि भागातून बाहेर जाणारे प्रवाह यांचा गुणाकार करावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला भागाच्या लांबीने गुणावे, असे त्यांचे सूत्र आहे. १९९४ मध्ये एमआयटीतील श्याम चिदंबर व ख्रिस केमेरर यांनी वस्तुनिष्ठ आज्ञावलीसाठी सहा मापांचा संच दिला. तो आजही सर्वाधिक उल्लेखिला जातो. सेवाधिष्ठित प्रणालींसाठी ही जुनी मापे अपुरी आहेत, हे दाखविण्याचे काम मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील मिखाइल पेरेप्लेचिकोव्ह व सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास केले. एकाच सेवेच्या आतील नाते आणि दोन सेवांमधील नाते यांना सारखेच वजन देऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. घरातील दोन खोल्यांमधील दार आणि दोन गावांमधील पूल यांची किंमत एक नसते.

नऊ सेवांचे उदाहरण

खडकवासला साखळीत १९६१ मध्ये दोनच धरणे होती. आज चार आहेत. साठवणक्षमता अब्ज घनफुटांत सांगायची तर पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. एकूण २९.१५. वरच्या तिन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यात येते आणि तेथून मुठेच्या पात्रात व कालव्यात सोडले जाते. भीमा व कृष्णा खोऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पूर-अंदाज व जलाशय-परिचालनाची संगणकप्रणाली उभारली. स्वयंचलित केंद्रांतून पावसाचे व पातळीचे आकडे येतात आणि डेन्मार्कच्या ‘डीएचआय’ संस्थेच्या गणिती प्रारूपावरून येव्याचा अंदाज बांधला जातो.

मोजमापाची रीत समजण्यासाठी अशाच कामाची एक छोटी, काल्पनिक प्रणाली घेऊ. विभागाच्या प्रत्यक्ष प्रणालीची ही रचना नव्हे. आपल्या प्रणालीत नऊ सेवा आहेत : पाऊसमापन, पातळीमापन, हवामान अंदाज, धरणांची नोंदवही, संपर्कसूची, येवा-अंदाज, विसर्ग-आराखडा, संदेश आणि नकाशा.

पहिल्या पाच सेवा कोणाकडे काही मागत नाहीत. येवा-अंदाज ही सेवा पाऊस, पातळी व हवामान या तिघींकडून माहिती घेते. विसर्ग-आराखडा येवा-अंदाज, पातळी व नोंदवही यांच्यावर विसंबतो. संदेशसेवेला विसर्ग-आराखडा व संपर्कसूची लागते. नकाशाला पाऊस, पातळी व विसर्ग-आराखडा लागतो. तीन, तीन, दोन आणि तीन, म्हणजे एकूण ११ नाती. नऊ सेवांमध्ये एकेरी नाती जास्तीत जास्त ७२ होऊ शकतात. त्यांपैकी ११ म्हणजे सुमारे १५ टक्के. दाटी फार नाही, असे हा पहिला आकडा सांगतो.

आकड्यांच्या पोटात

दुसरा आकडा कोणावर किती जण विसंबून आहेत याचा. पातळीमापनावर तीन सेवा विसंबून आहेत, पावसावर दोन, विसर्ग-आराखड्यावर दोन. ज्या सेवेवर सर्वाधिक भार, तिच्या देखभालीला पहिले प्राधान्य, हे यावरून ठरविता येते.

तिसरे माप अस्थैर्याचे. ते रॉबर्ट मार्टिन यांनी १९९० च्या दशकात मांडले. एखादी सेवा जितक्यांवर विसंबते, तो आकडा तिच्या एकूण नात्यांनी भागायचा. उत्तर शून्य आले तर सेवा स्थिर, एक आले तर पूर्णपणे अस्थिर. पातळीमापनाचे उत्तर शून्य येते. विसर्ग-आराखड्याचे तीन भागिले पाच, म्हणजे ०.६. येवा-अंदाजाचे तीन भागिले चार, म्हणजे ०.७५. मार्टिन यांचा नियम असा की, विसंबावे ते आपल्याहून अधिक स्थिर असलेल्यावर. येथे विसर्ग-आराखडा आपल्याहून अस्थिर अशा येवा-अंदाजावर विसंबला आहे. कागदावरील रेखाचित्र पाहून ही खोट नजरेस आली नसती. भागाकाराने ती दाखवून दिली.

चौथे माप खोलीचे. संदेशसेवा थेट दोघींवरच विसंबते. पण त्या दोघी ज्यांच्यावर विसंबतात, त्याही मोजल्या तर संख्या सातवर जाते. नदीकाठच्या रहिवाशाच्या भ्रमणध्वनीवर संदेश जाण्यासाठी संदेशसेवा धरून आठ सेवा एकाच वेळी चालू असाव्या लागतात.

याचा अर्थ गणिताने पाहू. प्रत्येक सेवा १०० पैकी ९९ वेळा चालू असते, असे धरू. हा आकडा ऐकायला समाधानकारक वाटतो. पण आठही सेवा एकत्र चालू असण्याचे प्रमाण ०.९९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ९२.३ टक्के येते. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत संदेश जाऊ न शकण्याचा काळ नऊ दिवसांहून अधिक होतो. प्रत्येक सेवा ९९.९ टक्के चालू ठेवली तर तोच काळ एका दिवसावर येतो.

हे गणित एक गोष्ट गृहीत धरते : सेवा स्वतंत्रपणे बंद पडतात. वास्तवात तसे घडत नाही. ज्या रात्री घाटमाथ्यावर अतिवृष्टी होते, त्याच रात्री वीज जाते, त्याच रात्री मनोरे बंद पडतात आणि त्याच रात्री संदेश हवा असतो. सरासरीत वर्षभर विखुरलेले बंदीचे तास प्रत्यक्षात नको त्या वेळी एकत्र येतात. म्हणून किती सेवा एकाच वीजजोडणीवर, एकाच दूरसंचार कंपनीवर किंवा एकाच संगणक केंद्रावर आहेत, हेही मोजावे लागते. हे नाते आज्ञावलीत कोठेही लिहिलेले नसते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण २८ फेब्रुवारी २०१७ चे आहे. त्या दिवशी अॅमेझॉनची ‘एस-३’ ही साठवणसेवा अमेरिकेतील एका विभागात बंद पडली. तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे अडखळली. सेवांची स्थिती ग्राहकांना कळविणारा कंपनीचा फलकही काही काळ अद्ययावत करता येईना, कारण तो फलकच त्या साठवणसेवेवर विसंबून होता. आग लागल्याची खबर देणारी घंटा जळत्या घरातच टांगलेली होती.

शून्याचा घोटाळा

आता हेन्री व काफुरा यांचे सूत्र लावून पाहू. लांबी बाजूला ठेवली तर विसर्ग-आराखड्यात तीन प्रवाह येतात आणि दोन जातात. तीन गुणिले दोन सहा, त्याचा वर्ग ३६. येवा-अंदाजात तीन येतात व एक जातो, म्हणून वर्ग नऊ. विसर्ग-आराखडा चौपट गुंतागुंतीचा ठरतो. हे मनाला पटते.

पण संदेशसेवेचे काय? तिच्यात दोन प्रवाह येतात आणि प्रणालीतील दुसऱ्या कोणत्याही सेवेकडे तिच्यातून काही जात नाही. दोन गुणिले शून्य बरोबर शून्य. ज्या सेवेसाठी सारा खटाटोप, तिची गुंतागुंत सूत्रानुसार काहीच नाही! अशा टोकाच्या भागांना शून्य मिळते, ही या सूत्रावरील जुनी टीका आहे.

दोष गुणाकाराचा कमी आणि सीमारेषेचा अधिक. संदेश प्रणालीबाहेर जातो. बाहेर आहेत महापालिकेचा नियंत्रण कक्ष, पोलीस ठाणे, अग्निशमन दल, नदीकाठच्या सोसायट्या आणि झोपड्या. प्रत्येकाकडे पोहोचण्याची रीत वेगळी, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. ही सर्व नाती प्रणालीतच मोजली तर शून्याच्या जागी सर्वांत मोठा आकडा येईल.

हा प्रश्न पुस्तकी नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकहून अधिक वेगाने पाणी सोडले गेले आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरातील सोसायट्यांमध्ये पाणी शिरले. विसर्गाची सूचना वेळेत व पुरेशी मिळाली का, हा प्रश्न त्यानंतर जाहीरपणे विचारला गेला. धरणाची पातळी, येवा आणि विसर्ग यांचे आकडे मोजण्याची साधने होती. वाद झाला तो सूचनेबद्दल, म्हणजे यंत्रातून बाहेर पडून माणसांपर्यंत जाणाऱ्या सांध्याबद्दल.

वाटेवरची वर्दळ

नाती मोजली म्हणजे काम संपले असे नाही. एखाद्या वाटेवरून दिवसाला दोन माणसे जातात की दोन लाख, यानेही फरक पडतो. रेखाचित्रावरून काढलेल्या मापांना स्थिर मापे म्हणतात आणि प्रणाली चालू असताना घेतलेल्यांना गतिमान मापे.

गतिमान मापांचे महत्त्व मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या ‘यूपीआय’ने २०२५ मध्ये सर्वांना दाखवून दिले. भाजीवाल्याला दिलेल्या वीस रुपयांच्या मागे पैसे देणाऱ्याचे अॅप, त्याची बँक, महामंडळाचा मध्यवर्ती दुवा आणि घेणाऱ्याची बँक अशा अनेक सेवा उभ्या असतात. १२ एप्रिल २०२५ रोजी ही व्यवस्था काही तास अडखळली. व्यवहार पूर्ण झाला की नाही, अशी चौकशी करणाऱ्या विनंत्यांचा बँकांकडून भडिमार झाला, असे कारण त्यानंतर पुढे आले. एकही नवे नाते जोडले गेले नव्हते. उत्तर उशिरा आले म्हणून पुन्हा विचारणा झाली. पुन्हा विचारल्यामुळे उत्तर आणखी लांबले. बँकेच्या बंद खिडकीवर सर्वांनी एकदम ठोकत राहावे, तसा हा प्रकार झाला.

त्यानंतर अशा चौकशीवर मर्यादा घालण्यात आल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपवरून दिवसाला ५० वेळाच खात्यातील शिल्लक पाहता येते. ग्राहकाला ही अडवणूक वाटू शकते. पण प्रत्येक वाटेवरून जास्तीत जास्त किती रहदारी जाऊ द्यायची, हे ठरविणे हा गुंतागुंत आवाक्यात ठेवण्याचाच मार्ग आहे.

उसंत किती?

आणखी एक माप पानशेतच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४ मधील ‘नॉर्मल अॅक्सिडेंट्स’ या ग्रंथात अपघातप्रवण व्यवस्थांची दोन कसोट्यांवर विभागणी केली. एक, घटकांमधील परस्परक्रिया सरळ आहेत की गुंतागुंतीच्या. दोन, घटक घट्ट जखडलेले आहेत की सैल. धरणांना त्यांनी सरळ पण घट्ट जखडलेल्या गटात ठेवले. पाणी कोठे जाणार, हे सर्वांना ठाऊक असते. ते थोपविण्यास वेळ मात्र मिळत नाही.

ही घट्ट जखडण मोजता येते. खडकवासल्याची क्षमता वरच्या तीन धरणांच्या एकत्रित क्षमतेच्या सुमारे चौदाव्या हिश्शाएवढी आहे. वरून ३५ हजार क्युसेक वेगाने पाणी येऊ लागले आणि खालून काहीच सोडले नाही, तर पूर्णपणे रिकामे खडकवासलाही सुमारे सोळा तासांत भरेल. अर्धे भरलेले असेल तर आठ तासांत. हे तास म्हणजे व्यवस्थेची उसंत.

सेवाधिष्ठित प्रणालीतही प्रत्येक सांध्याची अशी उसंत काढता येते. पाऊसमापनाचे आकडे येणे थांबले, तर येवा-अंदाज जुन्या आकड्यांवर किती वेळ विश्वासार्ह काम करू शकेल? विनंत्या साचत गेल्या, तर रांग किती वेळात भरेल? वरची सेवा बंद आहे हे खालच्या सेवेला किती सेकंदांत कळेल? उसंत शून्य असलेला सांधा सर्वांत धोकादायक. अशा ठिकाणी शेवटचा ठाऊक आकडा जपून ठेवणे, रांगेची व्यवस्था करणे, किंवा समोरची सेवा आजारी असेल तर काही काळ तिला विचारणेच थांबविणे, असे उपाय योजतात.

उसंतीचे मोल पुण्याने अनुभवले आहे. ११ जुलै १९६१ च्या रात्री लष्कराच्या जवानांनी पानशेतच्या खचत्या बांधावर वाळूची पोती रचली. धरण वाचले नाही, पण फुटण्याची वेळ रात्रीवरून दिवसावर गेली. अंधारात झोपलेल्या शहराऐवजी लोंढा जाग्या शहरात आला. त्या काही तासांनी किती जीव वाचविले असतील, याची कल्पना करता येते.

मोजमापाच्या मर्यादा

आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवणेही घातक. कोणतेही माप उद्दिष्ट बनले की ते माप म्हणून निरुपयोगी होते, हा अर्थशास्त्रातील चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथेही लागू पडतो. ‘नाती कमी करा’ असा हुकूम निघाला, तर दोन सेवा नावापुरत्या एकत्र करून आकडा खाली आणता येतो. ‘सेवा लहान ठेवा’ म्हटले, तर एकीच्या चार करून वाटा वाढविता येतात. एक माप सुधारताना दुसरे बिघडते. म्हणून कोणत्याही एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. संख्या, खोली, वर्दळ व उसंत ही चारही मापे शेजारी ठेवून वाचावीत.

दुसरी मर्यादा काळाची. ब्रिटनमध्ये संशोधन केलेल्या मेयर लेहमन यांनी १९७० च्या दशकात असे निरीक्षण मांडले की, वापरात असलेली प्रणाली सतत बदलत राहते आणि मुद्दाम प्रयत्न केले नाहीत तर तिची गुंतागुंत वाढतच जाते. एकदा केलेली मोजणी वर्षभरात शिळी होते. पावसाळ्यापूर्वी धरणांचे दरवाजे तपासतात, तशी सांध्यांची मोजदादही दरवर्षी नव्याने व्हावयास हवी.

स्वीकारण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

सार्वजनिक कामासाठी अशी प्रणाली विकत घेणाऱ्या किंवा चालविणाऱ्या कार्यालयाला पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर मागता येतील.

१) एकूण सेवा किती आणि त्यांच्यातील प्रत्यक्ष नाती किती? त्यांचा आराखडा अद्ययावत आहे काय?

२) सर्वांत महत्त्वाचे काम पार पडण्यासाठी किती सेवा एकाच वेळी चालू असाव्या लागतात?

३) कोणती एक सेवा बंद पडली तर सर्वाधिक कामे थांबतात?

४) किती सेवा एकाच वीजजोडणीवर, एकाच केंद्रावर वा एकाच पुरवठादारावर आहेत?

५) नेहमीच्या दहापट विनंत्या आल्या तर प्रथम काय कोलमडते?

६) प्रत्येक सांध्याची उसंत किती? ती संपल्यावर काम माणसाकडे कसे सोपविले जाते?

७) शेवटची सूचना ज्या माणसापर्यंत पोहोचायची, तो या मोजणीत धरला आहे काय?

यांतील पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरे पुरवठादार देऊ शकतो. सातव्याचे उत्तर कार्यालयाला स्वतःच शोधावे लागते. त्यासाठी नदीकाठी जाऊन, कोणाचा दूरध्वनी क्रमांक बदलला, कोठे भोंग्याचा आवाज पोहोचत नाही, कोण घर सोडून गेले आणि कोण नव्याने राहावयास आले, हे पाहावे लागते. संपर्कसूची ही आपल्या उदाहरणातील सर्वांत साधी सेवा होती. ती कोणावरही विसंबत नव्हती. पण ती जुनी झाली तर उरलेल्या आठही सेवा बिनचूक चालूनही सूचना पोहोचणार नाही.

१९६१ नंतर साखळीत वरसगाव व टेमघर ही दोन धरणे आली, नदीपात्रालगत वस्ती वाढली आणि साऱ्या कारभारावर संगणकाची देखरेख आली. घटक वाढले, त्याहून अधिक सांधे वाढले. धरणाच्या भिंतीला तडा गेला तर तो दिसतो. दोन सेवांमधील तडा मोजल्याशिवाय दिसत नाही, म्हणूनच त्याची मोजदाद हे धरणांच्या पावसाळापूर्व तपासणीइतकेच नियमित काम मानले गेले पाहिजे.